चेन वाजतेय म्हणून इंजिन खोलायचं का? नाशिकच्या एका पेट्रोल गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१४ ची, १.२ लिटरची चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक. एमएच-१५ पासिंग, पहिलाच मालक, रीडिंग ८६ हजारांच्या आसपास. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व योग्य वेळी उघडझाप करायला, बेल्ट नाही, चेन आहे. प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर, ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी, स्वतंत्र कॉइल. सीएनजी कधी बसवलेला नाही.

मालकीण इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या शिक्षिका. रोजचा प्रवास घर ते सातपूरची शाळा, म्हणजे सिग्नलला थांबत-थांबत जाणारा छोटा पल्ला, आणि अधूनमधून लेकीकडे कल्याणला. वॉरंटी संपल्यापासून गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये जायची. सर्व्हिसिंग वेळेवर व्हायचं, बिलंही जपून ठेवलेली होती. ही बिलं पुढे कामाला आली.

तपास केला तो त्यांच्या भाच्याने. तो अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. हात यंत्रांना सरावलेला, पण मोटारीचं इंजिन त्याने पूर्वी कधी उघडलं नव्हतं. मी त्याच्यासोबत काम करतो आणि बहुतेक तपासण्यांना टॉर्च धरून हजर होतो. नावं आणि गाडीची ओळख पटेल असे तपशील दोघांच्या सांगण्यावरून वगळले आहेत.

तक्रार काय होती

जून २०२५ अखेरीस पावसाने जोर धरला आणि गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर थरथरू लागली. मिनिटभरात सुरळीत व्हायची, म्हणून मावशींनी फार मनावर घेतलं नाही. मग सिग्नलला उभं असताना बॉनेटखालून आवाज येऊ लागला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. ॲक्सिलरेटर जरा दाबला की आवाज बंद. आणि तिसरी गोष्ट, जी त्यांनी पहिल्यांदा कुणालाच सांगितली नव्हती: रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की पहिल्या क्षणी एक ‘खर्रर्र’ व्हायचं आणि लगेच थांबायचं. ते तर वर्षभरापासून होत होतं, म्हणून त्यांच्या लेखी ती तक्रारच नव्हती.

खरी घाबरगुंडी उडाली कसारा घाटात. कल्याणहून परत येताना चढाला गाडी लोड घेईना, झटके देऊ लागली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा स्थिर पेटणं आणि लुकलुकणं यात मोठा फरक आहे. स्थिर दिवा म्हणजे बिघाडाची नोंद झाली आहे, सवडीने बघा. लुकलुकतोय म्हणजे त्या क्षणी एखादा सिलिंडर इतका मिस मारतोय (पेट न घेता पाळी चुकवतोय) की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तसंच दामटलं तर आतली जाळी वितळू शकते, आणि कन्व्हर्टरची किंमत या प्रकरणातल्या बाकी सगळ्या खर्चाला गिळून टाकेल एवढी असते.

मावशींना हे माहीत नव्हतं, पण त्यांनी केलं ते योग्यच होतं. घाटनदेवीच्या मंदिरापाशी गाडी बाजूला घेतली, बंद केली, भाच्याला फोन लावला. त्याने सांगितलं, “मावशी, सपाटीवर दिवा लुकलुकत नसेल तरच निघ. एसी बंद ठेव, साठच्या वर जाऊ नकोस, चढाला जोर लावू नकोस.” इगतपुरीपासून पुढे दिवा स्थिर झाला आणि गाडी रमतगमत घरी पोचली.

समोर असलेले पर्याय

नेहमीच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून मिनिटभर ऐकलं गेलं आणि निदान झालं: “ताई, चेन वाजतेय. चेन, टेन्शनर, गाईड, सगळा सेट टाकावा लागेल. मजुरी धरून साडेसत्तावीस हजार. आज नाही केलं तर चेन दात सोडेल, व्हॉल्व वाकतील, मग पूर्ण इंजिनच करावं लागेल.”

हा धाक खोटा नव्हता. चेनने स्प्रॉकेटवरचे (दातेरी चाकावरचे) दात सोडले तर बऱ्याच इंजिनांमध्ये पिस्टन आणि व्हॉल्वची टक्कर होते. घोळ असा की हे वाक्य प्रत्येक जुन्या गाडीला लागू पडतं. चेन गेली तर काय होईल, हे त्यातून कळतं. चेन गेली आहे का, याबद्दल त्यात अक्षरही नाही.

दुसऱ्या गॅरेजचं म्हणणं होतं चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) आणि थ्रॉटल बॉडीची (हवा आत सोडणाऱ्या झडपेची) साफसफाई. अकरा हजार. त्यांनी आवाजाकडे लक्षच दिलं नाही. “मिसिंग गेलं की आवाज जाईल,” एवढंच.

सोसायटीतल्या एका काकांनी सगळा दोष इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला दिला. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर त्या दिवसांत जो तो बोलत होता, त्यामुळे ही शंका येणं साहजिक होतं. ती खोडून काढणंही सोपं होतं, ते पुढे येईलच.

चौथा पर्याय भाच्याचा. आधी घरी तपासू, पण मर्यादा ठरवून. कन्व्हर्टरला धोका होईल असं गाडी चालवायचं नाही, हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व असलेला भाग) किंवा टायमिंग कव्हर (चेनवरचं झाकण) उघडायचं नाही, आणि कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, कमी निघालं तर थेट गॅरेज. मावशींची अट वेगळीच होती: “जे काढशील ते परत बसवता आलं पाहिजे.” शाळेला जायला तोवर शेजारणीच्या गाडीत जागा मिळाली, म्हणून घाई नव्हती. घाई असती तर मला वाटतं अकरा हजारांचाच पर्याय निवडला गेला असता.

पहिली पायरी: कोड पुसण्याआधी वाचणे

सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि फोनवर ॲपमध्ये इंजिनची माहिती दिसते. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतर आलेल्या गाड्यांना ओबीडी-२ (बिघाडाचे कोड नोंदवणारी ठरावीक पद्धत) आहे, त्यामुळे या वयाच्या बहुतेक गाड्यांवर तो चालतो.

दोन कोड निघाले: पी०३०० आणि पी०३०३. पहिला म्हणजे ‘मिसफायर होतोय’, दुसरा म्हणजे ‘तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये होतोय’. इंजिनचा संगणक हे ओळखतो क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वेगावरून. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक ढकल मिळते. ती चुकली की तेवढ्या अंशांत वेग पडतो आणि कुणाची पाळी चुकली ते मोजलं जातं. म्हणून कोड कोणता सिलिंडर ते सांगतो, का ते सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व, यातलं काहीही असू शकतं. पी०३०३ वाचून दुकानातून थेट कॉइल आणणारे लोक कधीकधी नशिबाने जिंकतात.

न निघालेला कोडही महत्त्वाचा होता. पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमशाफ्टचा (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचा) मेळ चुकल्याचा कोड, नव्हता. चेन ताणून दात सरकण्यापर्यंत मजल गेली असती तर तो येण्याची शक्यता मोठी होती. तो नाही म्हणजे चेन ठणठणीत आहे असं नव्हे, पण साडेसत्तावीस हजारांची घाईही नाही.

कोडसोबत त्या क्षणाचं चित्र साठवलेलं असतं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात २,७०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), लोड ८४ टक्के, कूलंट ९३ अंश असं होतं. म्हणजे घाटाचा चढ. भाच्याने सगळ्याचे फोटो काढले आणि मगच कोड पुसले. पुष्कळदा गॅरेजमध्ये दिवा घालवण्यासाठी आधी कोड पुसतात आणि हे चित्रही सोबत जातं.

या आकड्यांतून दिशा मिळाली. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, तसं प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कुठे इन्सुलेशन कच्चं असेल तर वीज फटीतून जाण्याऐवजी तिथून पळ काढते. दमट सकाळ आणि घाटाचा चढ या दोनच वेळी जास्त त्रास होत असेल, तर पहिला संशय ठिणगीच्या बाजूवर घ्यावा.

पेट्रोलचा संशय इथेच मागे पडला. टाकीतलं पेट्रोल चारही सिलिंडरना सारखंच जातं. ते खराब असतं तर एकट्या तीन नंबरने तक्रार केली नसती. फ्युएल ट्रिमही (संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय तो आकडा) आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, अधिक ६ आणि २,५०० आरपीएमला अधिक ४ टक्के, म्हणजे फार वर नव्हते. इनटेकमधून (हवा आत जाण्याच्या वाटेतून) चोरटी हवा शिरत असती तर आयडलला आकडा बराच वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आला असता. मिसफायर चालू असताना ट्रिम थोडे वर दिसतातच, कारण न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला चकवतो.

दुसरी पायरी: आवाज कधी येतो

इथे भाच्याने कारखान्यातली सवय वापरली. आवाज कुठून येतो हे विचारण्याआधी कधी येतो ते लिहून काढलं. बॉनेटखाली आवाजाची जागा कानाला फसवते, पत्रा सगळीकडे आवाज वाहून नेतो. वेळ सहसा फसवत नाही.

रात्रभर थंड गाडी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून स्टार्ट केली, मग गरम झाल्यावर आयडलला, मग १,५०० ला, मग २,५०० ला. ऐकताना एक गोष्ट पुढे आली जी दोन्ही गॅरेजमध्ये निसटली होती: आवाज दोन होते. सुरुवातीचं ‘खर्रर्र’ दीड-दोन सेकंदांचं, एकसलग, इंजिनच्या चेनच्या बाजूने. सिग्नलवाला आवाज गरम इंजिनचा, फक्त आयडलला, आणि तुटक.

तुटक आवाजाचा व्हिडिओ सावकाश चालवून ठोके मोजले तर सेकंदाला साधारण सहा-सात भरले. आयडल ८०० आरपीएम. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४००, सेकंदाला पावणेसात. एक सिलिंडर चुकत असेल तर इंजिन नेमकं याच तालावर हादरतं. म्हणजे सिग्नलवाला आवाज मिसफायरच्या हादऱ्याने वाजणाऱ्या कशाचा तरी होता. चेनचा असा ताल नसतो.

हा तर्क होता, पुरावा नव्हे. पण इथून पुढे ‘झटका आणि खडखड’ ही एक तक्रार न धरता तीन वेगळ्या नोंदी झाल्या: मिसफायर, आयडलची खडखड, थंड स्टार्टची घरघर.

तिसरी पायरी: कॉइल काढली तेव्हा

इंजिन पूर्ण थंड असताना तीन नंबरची कॉइल वर ओढली. नंबर मोजायचे अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याच्या बाजूने. या गाडीत चेनही त्याच बाजूला आहे. कॉइलचं रबरी बूट (प्लगवर चढणारी रबरी नळी) बाहेर आलं ते तेलाने माखलेलं, तळाशी फुगून मऊ झालेलं. टॉर्च मारली तर प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) बोटभर इंजिन ऑइल साचलेलं. दोन नंबरच्या विहिरीच्या भिंतीवर नुसता ओलावा, एक आणि चार कोरड्या.

अकरा हजारवाल्या गॅरेजने कॉइल बदलली असती तर मिसफायर त्याच दिवशी गेला असता. नवी कॉइल त्याच तेलात बसली असती आणि काही महिन्यांनी मावशी पुन्हा घाटात उभ्या राहिल्या असत्या. प्लगच्या विहिरीत तेल येतं ते टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा विहिरीभोवतीच्या रबरी सीलमधून. अकरा वर्षांचं रबर, कडक झालेलं.

तरीही भाच्याने लगेच खरेदी केली नाही. तेल दिसलं म्हणजे तेच कारण, असं धरून चालणं सोपं होतं. त्याने सिरिंजला नळी लावून विहिरीतलं तेल उपसलं, कापडाने पुसलं (तसंच प्लग उघडला असता तर ते सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं) आणि तीन नंबरची कॉइल दोन नंबरवर, दोनची तीनवर लावली. इंजिन थोडा वेळ आयडलला चालवून स्कॅनरवर मिसफायरची मोजणी पाहिली.

निकाल गोंधळात टाकणारा आला. दोन नंबर जोरात मिस मारू लागला, म्हणजे कॉइल दोषी. पण तीन नंबरही पूर्ण सुधारला नाही. मोजणी कमी झाली, शून्य नाही.

इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्येच काहीतरी आहे, इंजेक्टर किंवा व्हॉल्व, आणि प्रकरण घरच्या आवाक्याबाहेर गेलं. मावशींनी ते ऐकून “मग टाकून देऊ गॅरेजला” असं म्हटलंही. दुसरी म्हणजे प्लग अजून पाहिलेलाच नाही. प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती, नखाने न निघणारी. ठिणगी याच वाटेने बाहेरून खाली उतरत होती. बुटाच्या आतल्या बाजूला अगदी समोरासमोर तशीच पांढुरकी रेघ. हे जोडीनेच खराब होतात: रेघ पडलेल्या प्लगवर नवं बूट लावलं तर तेही जळतं, आणि जळक्या बुटात नवा प्लग टिकत नाही.

खात्रीसाठी तीनचा प्लग चार नंबरला लावला. आता तीन नंबर स्वच्छ. दोन (जुनी कॉइल) आणि चार (जुना प्लग) दोघे मिस मारू लागले. सिलिंडर सुटला, इंजेक्टर सुटला. दोष कॉइलच्या बुटात आणि प्लगमध्ये मिळून होता.

ही अदलाबदल बिनखर्चाची आहे, पण प्रत्येक वेळी इंजिन कमीत कमी वेळ चालवावं, आणि कॉइलचं कनेक्टर इंजिन बंद असतानाच काढावं. प्लग परत बसवताना रबरी नळीच्या तुकड्यात धरून आधी हाताने आटे लावायचे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पाना लावून वाकडा घुसवलेला प्लग म्हणजे हजारांचं काम.

चौथी पायरी: कम्प्रेशन

मिसफायर सापडला होता, मग कम्प्रेशन मोजायची गरज काय? मला ती होती असं वाटतं, कारण चेनचा निर्णय अजून डोक्यावर होता. व्हॉल्व टायमिंग सरकलं असतं तर सगळेच आकडे खाली आले असते. एखादा व्हॉल्व वाकला असता तर एकच पडला असता. गेज ओळखीतून मिळालं. चारही प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशनचे फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला. एकपासून चारपर्यंत १७८, १७५, १७२, १७६ पीएसआय. निरोगी इंजिनचे आकडे, आणि एकमेकांच्या अगदी जवळ.

या आकड्यांनंतर मावशी निवांत झाल्या.

पाचवी पायरी: दुरुस्ती

क्रम ठरवून घेतला: आधी गळती, मग ठिणगी. टॅपेट कव्हर उघडून नवं पॅकिंग आणि प्लगच्या विहिरींची सील टाकली. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करून, पुस्तिकेतल्या टॉर्कने (ठरावीक जोराने) आवळले. जास्त आवळलं तर पॅकिंग दबून पुन्हा गळतं, आणि हा प्रकार इतका सर्रास होतो की नव्या पॅकिंगला लोक उगाच ‘डुप्लिकेट’ ठरवतात. पॅकिंगवर दाब कशाने आला असेल म्हणून पीसीव्ही व्हॉल्व काढला. हलवल्यावर तो खुळखुळायला हवा. हा चिकटून गप्प होता. इंजिनच्या आतला वायू बाहेर जायची वाट तुंबली की तो सील शोधत तेल बाहेर ढकलतो. तोही बदलला. मग एक कॉइल आणि चार प्लग.

गाडी चालू केली. मिसफायर शून्य. सिग्नलवाली खडखडही गायब.

“झालं की मग,” मावशी म्हणाल्या. इथे थांबता आलं असतं. दुसऱ्या गॅरेजचं ‘मिसिंग गेलं की आवाज जाईल’ खरं ठरल्यासारखं दिसत होतं. पण हादऱ्याने काहीतरी वाजत होतं, तर ते काहीतरी अजून तिथे सैल होतंच. पाथर्डी फाट्याकडच्या गतिरोधकांवर ते परत बोललं, आणि १,९०० आरपीएमच्या आसपास बारीक झणझण आली.

इंजिन थंड झाल्यावर हाताने एकेक पत्रा ठोकून पाहिला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या भागावरची) हीट शील्ड, पातळ पत्र्याचं आवरण, एका टोकाला मोकळं होतं. बोल्ट जागेवर होता, पण गंजून शील्डचंच भोक मोठं झालं होतं, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसायचं. गाडी चालू करून लांब लाकडी दांड्याने शील्ड दाबून धरली, १,९०० ला नेली: शांत. दांडा काढला: झणझण. कन्व्हर्टरवर रबरी हातोड्याने हलकं ठोकूनही पाहिलं. आत जाळी तुटलेली असती तर खुळखुळली असती, तसं काही नव्हतं.

भाच्याने शॉपमधून मोठे स्टीलचे वॉशर करून आणले, भोकाच्या दोन्ही बाजूंना लावून बोल्ट आवळला. शील्ड काढून टाकण्याचा सल्लाही मिळाला होता. तो ऐकू नये. तिच्यामुळे बाजूच्या वायरी आणि रबरी नळ्या तापण्यापासून वाचतात.

सहावी पायरी: उरलेली घरघर

तिसरा आवाज, थंड स्टार्टचा, तसाच होता. हा चेनच्या बाजूचाच होता, त्यामुळे पहिल्या गॅरेजचं म्हणणं अगदी बिनबुडाचं नव्हतं, हे इथे नोंदवायला हवं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल वाजते.

डिपस्टिक पाहिली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. गळतीने गेलं होतं, आणि मधल्या काळात कुणी पाहिलं नव्हतं. मग जुनी बिलं काढली. गेल्या दोन सर्व्हिसिंगला २०डब्ल्यू-५० ऑइल टाकलेलं. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. ‘जुन्या गाडीला जाड ऑइल’ हा आपल्याकडचा जुना समज. थंड इंजिनात जाड ऑइल टेन्शनरपर्यंत पोचायला वेळ लावतं. फिल्टरसकट योग्य ग्रेडचं ऑइल टाकलं, पातळी वरच्या खुणेपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर अर्ध्या सेकंदावर आली होती. पूर्ण गेली नाही.

चेन बदलायची की नाही, हा शेवटचा निर्णय मावशींचा होता. ठरलं असं: आत्ता नाही. दर महिन्याला थंड स्टार्टचं रेकॉर्डिंग ठेवायचं, ऑइलची पातळी दर पंधरवड्याला बघायची. घरघर दोन सेकंदांच्या वर गेली, गरम इंजिनात ऐकू आली किंवा पी००१६ आला, तर चर्चा न करता चेन सेट.

निकाल

खर्च असा झाला: स्कॅनर ७००, कॉइल १,८५०, चार प्लग ७२०, पॅकिंग आणि सील ६५०, पीसीव्ही २८०, ऑइल-फिल्टर १,९००, वॉशर ४०. एकूण ६,१४० रुपये. यात भाच्याचे रविवार धरलेले नाहीत, आणि ते धरले तर ‘घरी स्वस्तात झालं’ हे म्हणणं थोडं सैल पडतं. कसारा घाट गाडीने त्यानंतर विनातक्रार चढला.

ऑक्टोबरात मात्र पुन्हा किरकोळ झटका आला, कोड पी०३०२. दोन नंबरचं बूट. त्याच्या विहिरीत ओलावा होता हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण ते चालतंय म्हणून पुसून परत बसवलं होतं. विहीर आता कोरडी होती, म्हणजे पॅकिंग धरून होतं. आधी तेल प्यालेलं रबर नंतर दगावलं. या गाडीला बूट सुटं मिळतं, दीडशे रुपयांना. उरलेली तिन्ही बदलली, ४५० रुपये.

जानेवारीत निफाडकडची थंडी नाशिकपर्यंत आली तेव्हा सकाळची घरघर एका सेकंदापर्यंत वाढली. ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सुटी बुटं पहिल्याच वेळी चारही टाकायला हवी होती. चार कॉइल बदलणं उधळपट्टी ठरली असती, पण रबराचा भाग स्वस्त आहे आणि चारही एकाच वयाचे होते. ‘जे दोषी तेवढंच बदला’ हा नियम महागड्या भागांसाठी चांगला. पन्नास-दीडशेच्या रबराला तो लावण्यात अर्थ नाही.

डिपस्टिक सगळ्यात आधी बघायला हवी होती. फुकट तपासणी, अर्ध्या मिनिटाची, आणि ती केली गेली सगळ्यात शेवटी, कारण स्कॅनर नवा होता आणि हातात होता. ऑइल कमी आहे हे आधी कळलं असतं तर ‘ते गेलं कुठे’ हा प्रश्न थेट टॅपेट कव्हरपाशी घेऊन गेला असता. शिवाय खालच्या खुणेखाली ऑइल असताना घाट चढणं आणि नंतर तपासणीसाठी इंजिन पुन्हा पुन्हा चालवणं, हा धोका विनाकारण घेतला गेला.

गॅरेजवाल्यांशी बोलणंही वेगळं करता आलं असतं. मावशींनी दोन्हीकडे “झटके देते आणि वाजते” एवढंच सांगितलं होतं, आणि सकाळच्या घरघरीचा उल्लेख नव्हता. आवाज थंड की गरम, आयडलला की लोडवर, किती सेकंद, हे सांगून सोबत रेकॉर्डिंग ऐकवलं असतं तर पहिल्या मेकॅनिकनेही कदाचित चेनच्या आधी कॉइल उपटून पाहिली असती. त्याच्याकडे उभं राहायला मिनिट होतं आणि गाडी त्या वेळी गरम होती; त्यात जे ऐकू आलं त्यावर त्याने बोट ठेवलं.

चेनबाबत एक मतभेद आमच्यात अजून आहे. भाच्याचं म्हणणं, मर्यादा ठरली आहे तर थांबायचं. मला वाटतं दोन सेकंदांची मर्यादा हिवाळ्याच्या मोजणीला लावून उपयोग नाही. खरी तुलना मार्च-एप्रिलच्या उबदार सकाळच्या रेकॉर्डिंगशी व्हायला हवी, आणि तेव्हा आवाज ऑगस्टमधल्या रेकॉर्डिंगपेक्षा लांब निघाला तर पुढच्या पावसाळ्याआधीच सेट टाकून घ्यावा. मावशींनी दोघांचं ऐकून घेतलं आहे आणि चेन सेटचे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे.